कमी खर्चाची इलेक्ट्रिक गिटार: निवड, जुळवणी आणि निगा

पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या माणसाची नजर आधी रंगावर जाते, मग आकारावर आणि त्यानंतर पिकअप, म्हणजे तारांचा कंप विजेच्या संकेतात उतरवणारे चुंबकी भाग, किती आहेत यावर. यात गैर काही नाही, कारण जी गिटार पाहून हातात घ्यावीशी वाटत नाही ती कोपऱ्यातच पडून राहते. परंतु खर्चाला मर्यादा असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी ठरवून घ्यावी. गिटारचे जे भाग पुढे सहज बदलता येतात त्यांच्याकडे सध्या काणाडोळा करावा आणि जे बदलता येत नाहीत, किंवा बदलायला गेल्यास गिटारच्या किमतीएवढाच खर्च येतो, त्यांची कसून तपासणी करावी. पिकअप, खुंट्या, नट, स्विच आणि बटणे हे सारे पहिल्या गटात मोडते. पिळलेली नेक, उंचसखल फ्रेट, अडकून बसलेला ट्रस रॉड आणि जागा चुकलेला ब्रिज हे दुसऱ्या गटातले दोष आहेत, आणि ते रंगाखाली चांगले लपतात. नेक म्हणजे तारांखालचा लांब दांडा, फ्रेट म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई, नट म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, आणि ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग.

काटकसर नेमकी कुठे केली जाते हे कळले की ही तपासणी सोपी होते. बॉडी आणि नेक कापण्याचे काम आता संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे करतात, आणि हातातले लाकूड स्वस्त गिटारचे आहे की महाग गिटारचे याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते. फ्रेटची टोके घासून गुळगुळीत करणे, सगळे फ्रेट एका पातळीत आणणे, नटच्या खाचा योग्य खोलीपर्यंत कोरणे आणि तारांची उंची लावणे ही कामे मात्र माणसाच्या हातची आहेत. त्यांना वेळ लागतो आणि किंमत उतरवायची झाली की पहिली कात्री त्या वेळेलाच लागते. स्वस्त गिटार ही बहुधा अर्धवट सोडलेली गिटार असते. राहिलेले काम घरी किंवा कारागिराकडून पूर्ण करून घेता येते. अट एवढीच की मुळातली नेक सरळ असावी.

घेण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आजच्या बहुतेक कमी किमतीच्या गिटारचे घाट तीन जुन्या नमुन्यांवरून आलेले आहेत: १९५० साली ब्रॉडकास्टर या नावाने बाजारात आलेली आणि पुढच्याच वर्षी टेलिकास्टर झालेली फेंडर, १९५२ ची गिब्सन लेस पॉल आणि १९५४ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. फेंडर स्क्वायर या नावाने आणि गिब्सन एपिफोन या नावाने याच घाटांच्या स्वस्त आवृत्त्या काढते. यामाहाची पॅसिफिका आणि आयबानेझची गिओ मालिका याच वर्गातल्या आहेत. यांपैकी कोणते नाव निवडावे यावर पुष्कळ वाद घातला जातो, पण एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या, शेजारीशेजारी टांगलेल्या दोन गिटारमध्ये जेवढा फरक सापडतो तेवढा कधीकधी दोन नावांमध्येही सापडत नाही.

नावापेक्षा मापे महत्त्वाची. नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो त्याच्या लांबीला स्केल लेंग्थ म्हणतात. फेंडर घाटात ती ६४८ मिलिमीटर असते आणि गिब्सन घाटात सुमारे ६२९ मिलिमीटर. तार तीच आणि स्वर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लांब स्केलवर तार साधारण ६ टक्के अधिक ताठ लागते. लहान हाताच्या किंवा नुकतेच शिकू लागलेल्या वादकाला आखूड स्केल थोडी सोयीची पडते, कारण फ्रेटमधले अंतरही जरा कमी असते. वजनाचाही विचार करावा. तीन ते साडेतीन किलोची गिटार तासभर उभे राहून वाजवता येते. चार किलोच्या पुढे खांदा बोलू लागतो.

ब्रिजच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: पहिली गिटार स्थिर ब्रिजची असावी. माझ्या पहिल्या गिटारला नट आणि ब्रिज अशा दोन्ही टोकांना तारा आवळून धरणारा, स्प्रिंगांच्या ताणावर तरंगणारा, दांडी दाबून स्वर हलवता येणारा ट्रेमोलो ब्रिज होता. एक तार तुटली की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचत आणि उरलेल्या पाचही तारा चढ्या होत. नवी तार लावून सुरात आणावी तर तोवर बाकीच्या उतरलेल्या असत. पहिल्या दोन महिन्यांत माझा वाजवण्यापेक्षा अधिक वेळ तारा लावण्यातच गेला. चांगल्या पोलादाचा असा ब्रिज उत्तम चालतो, पण स्वस्त ब्रिजचा धातू मऊ असतो, त्याच्या टेकूच्या धारा लवकर बोथट होतात आणि मग दांडी सोडल्यावर ब्रिज पूर्वीच्या जागी परत येत नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाचा साधा ट्रेमोलो मिळाला तर हरकत नाही, कारण मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिचे दोन्ही स्क्रू आवळून तो बॉडीवर टेकवता येतो आणि स्थिर ब्रिजसारखा वापरता येतो.

पिकअपचे मुख्य प्रकार दोन आहेत. सिंगल कॉइलमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या तारेचे एकच वेटोळे असते. त्याचा आवाज लखलखीत असतो, पण आसपासच्या विजेच्या प्रवाहाची घरघर तो उचलतो. हंबकरमध्ये अशी दोन वेटोळी असतात आणि त्यांचे गुंडाळणे व चुंबकांचे ध्रुव परस्परांच्या उलट ठेवलेले असतात, त्यामुळे तारांचा आवाज जोडला जातो आणि घरघर एकमेकींना खोडते. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला होता. ज्याला अजून आवड ठरलेली नाही त्याने ब्रिजजवळ हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी मांडणी घ्यावी. बॉडी पॉप्लरची आहे, बासवुडची आहे की महोगनीची, यावर या किमतीत वेळ घालवू नये.

हातात घेतल्यावर

तपासणीची सुरुवात ॲम्पशिवाय, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र न जोडता करावी. गिटार सुरात लावून घ्यावी, हेडस्टॉकचे, म्हणजे खुंट्या असलेल्या भागाचे, टोक डोळ्याजवळ धरावे आणि बंदुकीने नेम धरल्याप्रमाणे नेकच्या कडेवरून ब्रिजकडे पाहावे. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेच्या बाजूची कड आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेच्या बाजूची कड सारख्याच वळणाने जात असतील तर नेक ठीक आहे. दोन्हींत मधोमध थोडासा खोलगटपणा असणे योग्यच असते. एक कड खोलगट आणि दुसरी फुगीर दिसली तर नेक पिळलेली आहे, आणि पीळ ट्रस रॉडने जात नाही. ती गिटार कितीही स्वस्त मिळत असली तरी परत ठेवावी.

त्यानंतर प्रत्येक तारेवरचा प्रत्येक स्वर वाजवावा. २२ फ्रेट आणि ६ तारा म्हणजे १३२ स्वर झाले, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरीही फारच थोडे लोक ते करतात. एखाद्या फ्रेटवर तार खरखरली किंवा स्वर उमटताच विझला, तर त्याच्या पुढचा फ्रेट बहुधा वर आलेला असतो. मग पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर बाराव्या ते सतराव्या फ्रेटदरम्यान एकेक स्वर दाबून तार बोटाने वर ढकलावी, म्हणजे बेंड करावी. स्वर चढत चढत अर्ध्या वाटेत अचानक गळा दाबल्यासारखा बंद पडला, तर दोष तारांच्या फार कमी उंचीचा असेल किंवा फ्रेटच्या पातळीचा. विक्रेत्याला तारा किंचित वर करायला सांगून पुन्हा तसेच करून पाहावे. उंची वाढवूनही स्वर त्याच जागी मरत असेल तर फ्रेट उंचसखल आहेत असे समजावे.

नट तपासण्यासाठी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधोमध दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहावे. फट असावी, पण जेमतेम दिसण्याइतकीच. स्वस्त गिटारच्या नटच्या खाचा बहुतेक वेळा उथळ राहिलेल्या असतात, त्यामुळे तार पहिल्या फ्रेटशी अनावश्यक उंच राहते, ती दाबताना जास्त ताणली जाते आणि सुरुवातीचे कॉर्ड चढे लागतात. शिकणारा बिचारा आपल्या कानाला आणि बोटांना दोष देत राहतो. हा दोष दुरुस्त होणारा आहे, म्हणून केवळ त्यासाठी गिटार नाकारू नये. कारागिराचे तेवढे काम खर्चात धरून ठेवावे.

नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात हलकेच वरखाली फिरवावा. फ्रेटची टोके करवतीसारखी बोचत असतील तर लाकूड सुकून आकसले आहे आणि धातू जागच्या जागी राहिला आहे. टोके घासून घेता येतात. बाहेरच्या दोन तारा शेवटच्या फ्रेटपाशी नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, तेही पाहावे. एक तार कडेवरून घसरायच्या बेतात असेल तर नेक खाचेत तिरकी बसली आहे, किंवा ब्रिजच चुकीच्या जागी आहे. नेक स्क्रूंनी जोडलेली असल्यास तिरकेपणा काढता येतो. चुकीच्या जागी बसवलेला ब्रिज मात्र कायमची डोकेदुखी ठरतो.

एवढे झाल्यावर केबल जोडावी. प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवावे, स्विच प्रत्येक जागी नेऊन पाहावा, जॅकजवळ केबल हलकेच हलवावी. बटणाची किरकिर ही फार मोठी गोष्ट नाही. आवाज मध्येच जाणे-येणे ही बहुतेक वेळा जॅकची किंवा सुटलेल्या झाळकामाची तक्रार असते, तीही किरकोळच, पण भाव करताना कामी येते.

वापरलेली गिटार घेत असाल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली पडलेले खड्डे किती खोल आहेत हे पहिले. उथळ खळगे फ्रेट घासून घालवता येतात, खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतात आणि स्वस्त गिटारसाठी तो खर्च परवडत नाही. दुसरे म्हणजे ट्रस रॉडच्या नटचे तोंड शाबूत आहे का आणि तो फिरतो का. मालकाच्या परवानगीने, योग्य मापाच्या ॲलन कीने तो आठवा हिस्सा फेरा सैल करून पुन्हा जागेवर आणून पाहावा. किल्ली नुसतीच गोल फिरत असेल, किंवा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेक वाकलेलीच असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. घरपोच मागवलेल्या गिटारची ही सगळी तपासणी खोका उघडल्याच्या दिवशी करावी, कारण परतीची मुदत पहिल्या आनंदात कधी संपते हे कळतही नाही.

जुळवणी, म्हणजेच सेटअप

साधने थोडी लागतात: गिटारसोबत आलेल्या ॲलन की, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे एक फीलर गेज, सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा म्हणजेच एक कॅपो, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि चांगला ट्युनर. कामाचा क्रम मात्र मोडू नये, कारण प्रत्येक पायरीमुळे पुढच्या पायरीचे माप बदलते: आधी नव्या तारा, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन म्हणजे फ्रेटवर दाबलेले स्वर खरे लागण्याची जुळवणी, आणि सर्वांत शेवटी पिकअपची उंची.

तारांचा संच ०.००९ किंवा ०.०१० इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा घ्यावा आणि पुढेही तोच ठेवावा, कारण जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो आणि सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते. ॲकॉस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर लावू नयेत. त्यांचे वेष्टण चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे जाड तारा पिकअपमधून बारीक तारांच्या मानाने दुबळ्या ऐकू येतात. स्थिर ब्रिज असला तरी तो लेस पॉलच्या घाटाचा असेल तर सगळ्या तारा एकदम काढू नयेत. तिथे ब्रिज आणि तारांची टोके अडकवायचा टेलपीस तारांच्या ताणावरच आपापल्या खांबांवर टिकलेले असतात आणि शेवटची तार सुटताच खाली पडून रंगाचा टवका उडवतात. नवी तार खुंटीवर दोन-तीन वेढे बसतील एवढीच ढिली ठेवून गुंडाळावी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली जाऊ द्यावा, आणि सुरात आणल्यावर बोटांनी हलके ओढून पुन्हा सुरात आणावी. असे तीन-चार वेळा केले की तार उतरणे थांबते. सुरात आणताना स्वर नेहमी खालून वर न्यावा. चढा झाला तर खाली उतरवून पुन्हा वर आणावा, म्हणजे खुंटीच्या दात्यांतला सैलपणा निघून जातो.

आता नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेजचे पाते सरकवून पाहावे. ०.२५ मिलिमीटरचे पाते तारेला न उचलता जेमतेम सरकले पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळावा, फट उरतच नसेल तर उलट दिशेने सैल करावा. या कामाची लोकांना जेवढी भीती वाटते तेवढी बाळगण्याचे कारण नाही. कारण आहे ते घाई न करण्याचे. एका वेळी आठवा हिस्सा फेरा द्यावा, गिटार पुन्हा सुरात लावावी, मोजावे, आणि गरज असेल तरच पुन्हा तेवढाच द्यावा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा पहिल्या फेऱ्याने काहीच झाले नाही असे वाटून दुसरा लगेच दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेक मागे वाकलेली व पहिल्या पाच फ्रेटवर तारा खरखरताना सापडली. लाकूड आपल्या सवडीने हलते. किल्ली जोर लावूनच फिरत असेल तर हात थांबवावा आणि कारागीर गाठावा.

तारांची उंची बाराव्या फ्रेटपाशी, मोकळ्या तारेखाली, फ्रेटच्या माथ्यापासून मोजतात. सहाव्या तारेला सुमारे २ मिलिमीटर आणि पहिलीला सुमारे १.६ मिलिमीटर हे सुरुवातीला मानवणारे माप आहे. मधल्या तारा या दोहोंच्या दरम्यान क्रमाने उतरत जाव्यात. फेंडर घाटाच्या ब्रिजवर प्रत्येक तारेच्या सॅडलला, म्हणजे तार टेकते त्या छोट्या तुकड्याला, स्वतंत्र बारीक स्क्रू असतात, तर लेस पॉल घाटात ब्रिजच्या दोन खांबांवरून सगळी उंची एकत्र बदलते. उंची उतरवताना खरखर सुरू झाली तर ती कुठे होते याकडे कान द्यावा. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच फार खोल गेलेली असते. पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर नेक गरजेपेक्षा सरळ झालेली असते. बाराव्याच्या पुढे असेल तर तार फार खाली आलेली असते. एखाद्याच जागी असेल तर तो एकटा फ्रेट वर आलेला असतो. सतार-तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी मुद्दाम काढावी लागते, इथे ती न बोलावता येते. मात्र जी खरखर नुसत्या कानाला ऐकू येते पण ॲम्पमधून येत नाही, तिच्या मागे लागून तारा उंच करत बसू नये.

इंटोनेशनचे तत्त्व सोपे आहे. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे तारेला नुसता स्पर्श करून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून काढलेला स्वर हे दोन्ही एकच असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा लागत असेल तर सॅडल नेकपासून दूर सरकवावे, उतरा लागत असेल तर नेककडे आणावे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात लावून मगच ट्युनर पाहावा. सहाही तारा झाल्या की सॅडल एका रेषेत राहत नाहीत, पायऱ्यांसारखी दिसतात. ती तशीच असायला हवीत. जुन्या, गंजलेल्या तारांवर हे काम कधीच नीट जमत नाही, आणि जुळवणीची सुरुवात नव्या तारांनी करण्याचे एक कारण हेच आहे.

पिकअपसाठी बाहेरच्या दोन्ही तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपच्या माथ्यापासून अंतर मोजावे. सिंगल कॉइलला जाड तारेखाली साधारण २.५ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर ठेवावे आणि तिथून पुढे कानाने ठरवावे. आवाज मोठा व्हावा म्हणून पिकअप तारांच्या अगदी जवळ आणण्याचा मोह होतो, पण चुंबक तारेला खेचू लागले की जाड तारा वरच्या फ्रेटवर डळमळतात आणि इंटोनेशन काही केल्या जुळत नाही.

ॲम्प आणि केबल

एकूण रकमेतला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग ॲम्पसाठी राखून ठेवावा. घरच्या सरावाला १० ते २० वॅटचा छोटा ॲम्प भरपूर होतो, हेडफोनची सोय असलेला घेतल्यास शेजारीही सुखी राहतात. संगणकाला ऑडिओ इंटरफेस जोडून वाजवायचे असेल तर त्याला गिटारसाठीची स्वतंत्र इनपुट असल्याची खात्री करावी, कारण पिकअपला सुमारे एक मेगाओमचा प्रतिरोध अपेक्षित असतो आणि साध्या लाइन इनपुटमध्ये जोडल्यावर आवाज मऊ आणि मळकट होतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, जुना ॲम्प हाती लागलाच तर स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

घरघर ऐकू आली की लोक आधी गिटारला दोष देतात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणे स्वाभाविक आहे, कारण तारा ब्रिजमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर ती वाढत असेल तर आतले एखादे जोडकाम सुटलेले किंवा उलटे झालेले आहे. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर मात्र वाजवणे तत्काळ थांबवून भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.

रोजची आणि वर्षाची निगा

वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसाव्यात. एवढ्या एका सवयीने तारांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते असा माझा अनुभव आहे. घाम ज्यांना जास्त येतो त्यांनी ब्रिजचे स्क्रूही पुसावेत, कारण उंचीचे ते बारीक स्क्रू एकदा गंजून बसले की पुढे कोणतीही जुळवणी होत नाही. बॉडीला ओलसर फडके आणि लगेच कोरडे फडके पुरते.

फ्रेटबोर्ड रोझवुड, लॉरेल अशा गडद आणि उघड्या लाकडाचा असेल तर वर्षातून एक-दोनदा, तारा काढलेल्या असताना, फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे मोजके थेंब फडक्यावर घेऊन चोळावेत आणि पाच मिनिटांनी जास्तीचे तेल पूर्ण पुसून काढावे. हे खनिज तेल असते. नावावरून कोणी लिंबू पिळू नये, त्यातल्या आम्लाने लाकूड आणि फ्रेट दोन्ही खराब होतात. मेपलच्या फ्रेटबोर्डवर सहसा लाखेचा थर असतो, त्याला तेल मुळीच लावू नये. फ्रेट चमकवण्यासाठी पोलादी लोकर वापरायची असेल तर आधी पिकअप कागदी टेपने पूर्ण झाकून घ्यावेत, नाहीतर तिचा बारीक चुरा चुंबकांना चिकटतो आणि तो काढता काढता पुरेवाट होते.

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी झाली की फ्रेटची टोके बाहेर डोकावू लागतात, फार दमट झाली की नेक पुढे वाकते आणि तारा उंच होतात. म्हणून ऋतू पालटला की नेकचा बाक एकदा मोजावा आणि लागला तर ट्रस रॉडला आठवा हिस्सा फेरा द्यावा. गिटार खिडकीतल्या उन्हात, बंद गाडीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. ठेवून देताना तारा सैल करण्याची गरज नसते. नेक त्या ताणाच्या हिशेबानेच लावलेली असते.

बटण किरकिरू लागले तर त्याच्या आत विजेच्या उपकरणांसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर एकदा फवारून ते वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावे. जॅकचा बाहेरचा नट सैल झाला की पुष्कळजण तो बाहेरून पान्याने आवळत सुटतात, त्याबरोबर आतला अख्खा जॅक गोल फिरतो आणि त्याच्या दोन वायरी पीळ पडून तुटतात. त्याऐवजी जॅकची पट्टी उघडावी, आतला जॅक एका हाताने घट्ट धरावा आणि मग नट आवळावा. सुरात लावताना तारेतून टक्‌ असा आवाज येऊन स्वर उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ शिसपेन्सिलीचे टोक दोन-चार वेळा फिरवले की तार सरकू लागते.

पुढे पैसे जमले आणि गिटारमध्ये सुधारणा करावीशी वाटली, तर पहिला बदल हाडाचा, नीट कोरलेला नट बसवण्याचा करावा, दुसरा फ्रेटची पातळी करून घेण्याचा आणि तिसरा खुंट्यांचा. पिकअपची पाळी त्यानंतर येते. ते बदलताना बटणांमागच्या पोटेन्शियोमीटरचे माप विसरू नये: सिंगल कॉइलला २५० किलोओम आणि हंबकरला ५०० किलोओम ही रूढ जोडी आहे, आणि हंबकरला २५० चा जोडला की नवा, महागडा पिकअपही घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो.

पट्टा अडकवण्याच्या गुंडीचा स्क्रू लाकडात सैल झाल्यास तो तसाच पिळत राहू नये, कारण उभे राहून वाजवताना गिटार खाली पडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. स्क्रू काढावा, काडेपेटीतल्या एक-दोन काड्यांची गुलाची टोके मोडून त्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात घट्ट बसवाव्यात, वर आलेला भाग ब्लेडने सपाट कापावा आणि गोंद रात्रभर सुकू द्यावा. दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू त्याच भोकात नव्या लाकडात बसल्यासारखा बसतो.